आधी पाणी, मग जाळ

मित्रांनो, बंब म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे घंटा वाजवत धावणारी लाल गाडी उभी राहते. ती माझी कोणी लागत नाही. मी न्हाणीघरातला जुना, तांब्याचा बंब. ती गाडी आग विझवते, म्हणून लोक तिला वाट करून देतात. मी आयुष्यभर आग पोटात ठेवली, आणि लोक मला वाटेतून बाजूला सरकवत आले. तक्रार नाही. फक्त सांगून ठेवतो.

माझा जन्म पुण्याचा, तांबट आळीतला. एका तांबटाने मला आठ दिवस ठोकून घडवलं. माझ्या अंगावरचे हातोडीचे ठसे पाहुणे नक्षी म्हणून बघतात. मला ते मार म्हणूनच आठवतात. माझी रचना साधी आहे. मधोमध एक उभी नळी, तिच्यात वरून लाकडं टाकायची. ती खालच्या जाळीवर जळतात. नळीच्या भोवती पाणी असतं, ते तापतं आणि तोटीतून बाहेर येतं. नियम एकच: आधी पाणी, मग जाळ. उलटं केलं तर मी मरतो.

हंसाच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात दिलं. तिच्या नवऱ्याचं नाव पंढरीनाथ, फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. गिरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी रोज पहाटे पेटत असे. एकोणसत्तरच्या डिसेंबरात त्यांना मुलगी झाली, स्वप्नाली. तेव्हा मुंबईतही थंडी पडायची. निदान पंढरीनाथ तसं सांगतो. स्वप्नालीचं पहिलं न्हाणं माझ्या पाण्याने झालं. माझ्या जाळीखालचे निखारे शेगडीत काढून बाळंतिणीची खोली सव्वा महिना उबदार ठेवली. त्या दिवसांत येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघायची आणि मग माझ्याकडे. "बंब कसा लखलखतोय गं!" असं त्या म्हणत. मित्रांनो, स्तुती ऐकायची असेल तर तरुणपणीच ऐकून घ्यावी.

सत्त्याऐंशी साली आम्ही भाईंदर पूर्वेला आलो. बिल्डरच्या पत्रकात 'चोवीस तास पाणी' असं छापलं होतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. नळाला एका दिवसाआड पंचवीस मिनिटं पाणी यायचं. त्या हिशेबाने चोवीस तास भरायला साधारण चार महिने लागत, पण भरत.

हंसाने मग घरातलं प्रत्येक पोकळ भांडं पाण्याने भरायला सुरुवात केली. पातेली, कुकर, पंढरीनाथचा डबा. शेकायची रबरी पिशवीसुद्धा गार पाण्याने टम्म भरून खुंटीला टांगलेली असे. माझ्यात तीन हंडे पाणी मावायचं. पण मधली नळी रिकामी राहते, हे हंसाला सहन होईना. तिने नळीला खालून लाकडी बूच ठोकलं, वरून मेण ओतलं, आणि अर्धी बादली पाणी जास्तीचं मिळवलं. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की तिने ते दाखवायला शेजारणीला बोलावलं. अशा रीतीने ज्या नळीत मी जाळ धरायचो, तिच्यात पाणी आलं. मी सात वर्षं पिंप होतो. अंगावर हिरवा थर चढला, जाळी गंजून गळून पडली. सकाळ-संध्याकाळ हंसाचा हात यायचा, तोटी फिरवायचा, पाणी न्यायचा. तो हात आणि मी एकमेकांना पाठ झालो होतो.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत स्वप्नाली घरी आली. तिचं लग्न होऊन ती मुलुंडला गेली होती आणि आता तिला सातवा महिना होता. जमिनीवर बसता येत नव्हतं, म्हणून माझ्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि आईला म्हणाली, "आई, मला इथेच यायचंय. तुझ्या हातचं न्हाणं पाहिजे मला. पण सासूबाई म्हणतायत, भाईंदरला पिण्याचीच मारामार, बाळंतिणीला पाणी कुठून आणणार?"

"कुठून म्हणजे?" पंढरीनाथ म्हणाला. "बंब आहे ना आपला!"

"अहो, बंबात पाणी तयार होत नाही," हंसा म्हणाली.

"तू गप्प बस. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझ्या आईचं झालं, तिच्या आईचं झालं. माझ्या मुलीचं मुलुंडला होणार? जानेवारीतल्या थंडीत?"

भाईंदरची थंडी साधारण सकाळी सहा ते साडेसात एवढी असते. पण पंढरीनाथ दिवाळीपासूनच माकडटोपी घालतो, त्यामुळे त्याला कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षाने केबिन रोडला नेलं. तिथल्या भांड्यांच्या दुकानामागे लवू नावाचा म्हातारा तांबट बसायचा. त्याने मला आडवं केलं, आत बघितलं आणि बुचाला नख लावून पाहिलं.

"साहेब, ह्याच्या नळीत बूच कोणी मारलं?"

"घरातून."

"हुशार आहेत," लवू म्हणाला. त्याने ते गंभीरपणे म्हटलं की कसं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्याने बूच काढलं, मेण जाळलं, नवी जाळी बसवली. तोटी ढिली झाली होती, तिला कथील वितळवून डाख दिला, म्हणजे सांधा पक्का केला. चिंच-मिठाने घासून मला असं काही लखलखवलं की मला माझीच लाज वाटली. मला परत देताना त्याने बोट उभं केलं. "साहेब, लक्षात ठेवा. आधी पाणी, मग जाळ. डाख म्हणजे मेणच समजा. आत पाणी नसलं तर पाच मिनिटांत उतरेल. मग माझ्याकडे येऊ नका."

पंढरीनाथ सरकारी माणूस. त्याने ते नुसतं लक्षात ठेवलं नाही, कचेरीत टंकलिखित करून घेतलं. 'सूचना: १. आधी पाणी. २. मग जाळ.' तीन प्रती. एक माझ्या मागच्या भिंतीवर चिकटवली, एक स्वयंपाकघरात, आणि एक नोंदीसाठी कपाटात ठेवली.

मला गॅलरीत मांडल्याबरोबर सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई वरच्या मजल्यावरून डोकावले.

"पंढरीभाई, ये क्या इंजिन बिठाया? धूर वर येनार. आमचा पापड काळा होनार."

"मुलीचं बाळंतपण आहे, जितूभाई."

जितेंद्रभाई थोडा वेळ कठड्यावर बोटं वाजवत राहिले. "बेटीका सवाल हाय तर आपण काय नाय बोलनार. पापड खाली सुकवू. पन पानी? टाकीमां तो कुछ है नहीं."

लाकडं जवळच्या राई गावच्या रंभाने आणली. ती सुकी मासळी विकायला यायची. तिने मोळी टाकली, माझ्याकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून हंसाला म्हणाली, "ताई, लाकरा मी दिन गो. पानी कोन देल?"

"मिळेल काहीतरी करून."

"आमचे राईन बाव हाय. भरलेली. पोरीला तिकरं धारा, मी न्हायला घालतंय."

मुलीला विहिरीसाठी राईला धाडायचं, या कल्पनेनेच हंसा हसली. मला वाटतं, मित्रांनो, त्या सगळ्या कारभारात कामाचं बोलणं तेवढं एकच झालं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी स्वप्नालीच्या सासूबाई आशाताई, जावई अभिनवराव आणि स्वप्नाली असे तिघं आले. निमित्त जेवणाचं. खरं म्हणजे आशाताई व्यवस्था बघायला येत होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या मनाला पटलं तरच सून इथे राहणार होती. पंढरीनाथने बेत असा आखला होता: जेवणं झाली की बंब पेटवायचा आणि वाफाळतं पाणी विहीणबाईंच्या हातावर घालायचं. शनिवारी पाणी आलं तेव्हा त्याने स्वतः तीन हंडे माझ्यात ओतले, झाकण लावलं, आणि रविवारी उठल्यापासून माझ्या बाजूने जाताना दर वेळी त्या झाकणावर थाप मारली.

पाहुणे आले. अभिनवराव मनाने भले माणूस, पण त्यांचा हात मुलुंडचा. आल्याआल्या त्यांनी हातपाय धुतले, तोंड धुतलं, मानेवरून पाणी घेतलं आणि एक बादली संपवली. मग संडासात गेले. तिथे दोन बादल्या दुपारपर्यंतच्या म्हणून ठेवल्या होत्या. त्यांनी दोन्ही ओतल्या. बाहेर येऊन म्हणाले, "छान हवा आहे इथे."

आत हंसाची पुरणपोळी चालली होती. कणीक मळायला पाणी नाही. पिंप खरवडून झालं, कुकर झाला, डबा झाला, खुंटीवरची रबरी पिशवीही पिळून झाली. कटाची आमटी गॅसवर आटत होती आणि बाहेरून पंढरीनाथ ओरडला, "अगं, पाहुण्यांना प्यायला आण!"

हंसा हंडा घेऊन गॅलरीत आली. तिचं लक्ष आमटीत होतं. तिचा हात माझ्या तोटीवर आला, सात वर्षं यायचा तसाच. डोळ्यांपुढे सूचना होती. पण सूचना वाचायला डोळे लागतात आणि हात डोळ्यांना विचारत नाही. तिने एक हंडा नेला. मग दुसरा. तिसऱ्याला मी थोडी कुरकुर केली, तोटी थेंबथेंब गळली. तिने मला जरा कलतं केलं आणि उरलेलंही काढून घेतलं. मला बोलता येत नाही, ही गोष्ट मी त्या दिवसापर्यंत कधी उणीव म्हणून धरली नव्हती.

जेवणं फार छान झाली. आशाताईंनी आमटी दोनदा मागून घेतली. माझंच पाणी ते.

मग पंढरीनाथने सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. स्वप्नालीला स्टूल दिलं. "विहीणबाई, गीझरची ऊब अंगावरून जाते. बंबाची हाडात शिरते," असं म्हणत त्याने लाकडं टाकली, रॉकेलचा बोळा टाकला आणि काडी ओढली. रंभाची लाकडं खरोखरच सुकी होती. जाळ एकदम चढला. वरून जितेंद्रभाई म्हणाले, "वाह, पंढरीभाई!"

हंसा पदराला हात पुसत दारात आली. तिने जाळ बघितला, मग तोटीकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं. "अहो…"

"थांब गं, आता तापेल."

लवू पाच मिनिटं म्हणाला होता. मला चारच लागली. आधी थोडा करपट वास आला, मग माझ्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज निघाला, तो माझाच. आणि मग तोटी सुटली आणि फरशीवर पडली. टण्ण. भोकातून एक थेंबही आला नाही. कोणी ओरडलं नाही, कोणाला भाजलं नाही. तसं झालं असतं तर निदान काही बोलता आलं असतं.

आशाताईंनी वाकून भोकातून आत बघितलं. त्या चांगल्या घरच्या होत्या, हसल्या नाहीत. "बंब फार सुरेख आहे हो," त्या म्हणाल्या. "आता असं काम मिळत नाही." मग पदर सावरून हळूच, "हंसाताई, स्वप्नालीचं आपण मुलुंडलाच करू. तुम्ही येऊन राहा ना आठ दिवस. तुम्हाला इथे किती त्रास."

स्वप्नाली भिंतीवरची सूचना वाचत होती. पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं तिच्यात फार काही नव्हतं. जाताना ती आईला म्हणाली, "असू दे गं, आई." हंसाने तिच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा दिला.

दुसऱ्या दिवशी पंढरीनाथ मला घेऊन लवूकडे गेला. तावातावाने गेला. लवूने माझा तळ बघितला, काळा-निळा पडलेला. बोट फिरवलं.

"पाणी होतं?"

"मी स्वतः भरलं होतं. तीन हंडे!"

"भरलं असेल," लवू म्हणाला. "पेटवलं तेव्हा नव्हतं. घरात कोणी तोटीने पाणी काढतं का?"

पंढरीनाथने चादर पुन्हा माझ्याभोवती गुंडाळली. मग त्याने मला उचललं आणि घरी आणलं. हंसा दारातच होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "लवूचा डाख कच्चा होता."

"हो का," हंसा म्हणाली. आणि आत गेली.

बाळ मुलुंडला झालं. मुलगी, भूमिका. हंसा तिथे आठ दिवस राहून आली. तिथे गीझर होता, न्हाणं घालायला बाई होती. हंसाने बाळाच्या कपड्यांच्या घड्या केल्या.

पुढे अठ्ठ्याण्णव साली आमच्या नळाला रोज पाणी येऊ लागलं. पंढरीनाथने गीझर बसवला. दिवाळीत स्वप्नाली दोन तासांसाठी आली तेव्हा पावणेचार वर्षांच्या भूमिकाने माझ्या भोकात बोट घातलं आणि विचारलं, "आजोबा, ह्याला भोक का?"

"तांबटाचा डाख कच्चा होता," पंढरीनाथ म्हणाला.

"कच्चाच होता," हंसा आतून म्हणाली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला चिंच-मिठाने घासा, दिवाणखान्यात ठेवा, असलं काही मी म्हणणार नाही. त्याने माझं काही व्हायचं राहिलेलं नाही. फक्त कशाखालीही जाळ करण्याआधी झाकण उघडून एकदा आत बघा. आणि घरात ज्या हाताने सगळ्यांसाठी पाणी काढून काढून सवय लावून घेतली आहे, त्या हाताला अधूनमधून विचारा, आज किती उरलंय. भिंतीवर कागद चिकटवून ते कळत नाही.

माझ्यात आता हंसा कांदे ठेवते. कांद्यांना पाणी लागत नाही आणि जाळही लागत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. पण कांदा काढायला येते तेव्हा तिचा हात आधी तोटीच्या भोकापाशी जातो, तिथे जरा थांबतो, आणि मग झाकण उघडतो.