आबांची कात्री

माझे सासरे, आबा, जन्मभर न्हावी. दुकान सुटलं, पण हाताची खाज सुटली नाही. थंडी सरत आली की दारावरच्या विस्टेरियाची हजामत ठरलेली. वेल हिरवीगार, फूल मात्र औषधालाही नाही. गेल्या वर्षी केर भरताना बघते तर काय, छाटलेल्या काड्यांवर टपोऱ्या कळ्या! मस्तकात तिडीकच गेली.

यंदा मी कात्री लपवली. आबा घरभर येरझाऱ्या घालत, कपाटं उघडत-मिटत राहिले. त्यांना चैन नाही आणि मलाही नाही.

आज दारावर जांभळे घोस लोंबताहेत. आबा मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांची दोन बोटं आपोआप हलली.

"सूनबाई, कडेनं जरा कानावर आलेत. बारीक करू?"