बत्तीचा गेम कोणी जिंकला

मित्रांनो, मी टीव्हीला जोडायचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. जुना म्हणजे तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा वयाने मोठा. माझं अंग कधी काळी पांढरंशुभ्र होतं, आता ते पिवळट पडलं आहे. तुम्हांला गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा. माझ्या मनात एका माणसाविषयी वीस वर्षांचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. एका नावाजलेल्या यंत्राची मी नक्कल होतो. खोक्यावर छापलेलं चित्रसुद्धा माझं नव्हतं. सोबत दोन रिमोट आणि एक कॅसेट होती. तिच्यावर नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात खेळ सातच, तेच रंग बदलून पुन्हा पुन्हा येत. म्हणजे खोटेपणा माझ्या घरचाच होता, हे मी आधीच कबूल करतो.

२००४ च्या मे महिन्यात दत्तप्रसाद गुरुजींनी मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून विकत घेतलं आणि कुणकेश्वरला आपल्या घरी आणलं. गुरुजी गावच्या शाळेत शिकवत. घरात त्यांची बायको किशोरीबाई, तेरा वर्षांचा मुलगा मिहीर आणि अकरा वर्षांची मुलगी गौरजा. मला खोक्यातून बाहेर काढलं त्याच क्षणी मिहीरने एक नंबरचा रिमोट उचलला.

"ह्यो माजो. तू दोन नंबर घे."

गौरजाने दुसरा घेतला. दोघांत फरक होता, मित्रांनो. खेळ सुरू करायचं आणि मध्येच थांबवायचं बटण फक्त पहिल्या रिमोटवर असतं. दुसऱ्यावर ते नसतंच. त्यामुळे गौरजाला स्वतःहून खेळ सुरू करता येत नसे. भाऊ बसेल तेव्हा तिने बसायचं, तो उठला की उठायचं.

सात खेळांपैकी एकाला मुलांनी 'बत्ती' असं नाव दिलं होतं. समुद्राच्या मधोमध एक दीपगृह. त्याच्याभोवती दोन होड्या, मिहीरची निळी, गौरजाची लाल. चारी बाजूंनी काळी जहाजं येत. एकाही जहाजाचा गोळा बत्तीला लागला की खेळ संपला. अशा चाळीस लेव्हल. जोडीदाराच्या होडीला चुकून आपली गोळी लागली, तर ती होडी तीन सेकंद जागच्या जागी थिजत असे. मिहीरची गोळी फार वेळा चुकत असे. गौरजा पुढे गेली की हमखास चुकत असे.

तरीही ते दिवस चांगले होते, हे मला मान्य करावं लागतं. सुट्टीत दुपारभर दोघं माझ्यासमोर मांडी घालून बसत. वाडीतली मुलं खिडकीत गर्दी करत. गुरुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत, "आमचो झील बघा, यंत्र कसा हाताळता!" ते झीलच म्हणत, म्हणजे मुलगा. दुसरा रिमोट कोणाच्या हातात आहे हे त्यांच्या लक्षात येत नसे. गौरजाचे हात मात्र मला ठाऊक होते. मिहीर बटणं बडवायचा. ती बोट नुसतं टेकवायची आणि काम व्हायचं.

मग २००५ ची दिवाळीची सुट्टी आली. त्या सकाळी दोघं प्रथमच चाळीसाव्या लेव्हलला पोचली. सुरुवातीलाच मिहीरची होडी बुडाली. लाल होडी एकटी उरली. समोर अकरा जहाजं.

मिहीरने बहिणीकडे पाहिलं. मग त्याने थांबवायचं बटण दाबलं. पुन्हा सोडलं. पुन्हा दाबलं. चालत्या खेळात असं केलं की खेळणाऱ्याचा अंदाज पार बिघडतो.

"दादा, नको मां रे!" गौरजा ओरडली. त्याने ऐकलं नाही. ती तशीच खेळत राहिली आणि शेवटचं जहाज तिने बुडवलं. पडद्यावर बत्ती लख्ख पेटली आणि तिच्याखाली लाल होडी शीड उभारून चालू लागली. माझ्या आयुष्यात मी ते चित्र प्रथमच दाखवत होतो. दोन सेकंद दाखवलं असेन. मिहीरने हात पुढे केला आणि माझं रीसेटचं बटण दाबलं.

"बाबा!" तो अंगणाकडे धावला. "बाबा, मियां बत्ती जिंकलंय! चाळीसच्या चाळीस!"

गुरुजी हातातलं काम टाकून आत आले. गौरजा रडत म्हणाली, "बाबा, ह्यो खोटा बोलता. मियां जिंकलंय. ह्याची होडी बुडलेली."

गुरुजींनी पडद्याकडे पाहिलं. तिथे पहिला मेनू होता.

"पुरावो खंय आसा?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना तेव्हा गुण साठवून ठेवता येत नसत. मला सगळं दिसलं होतं आणि काहीही दाखवता येत नव्हतं. गौरजा माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी करीन असं तिला वाटलं असावं.

त्या दिवसानंतर तिने रिमोटला हात लावला नाही. हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हांला त्रास दिला नसता. पण गुरुजींनी शाळेच्या परिपाठात मुलांना मिहीरचा पराक्रम सांगितला. ह्याचं डोकं यंत्रात चालतं, हे घरात पक्कं झालं. पुढच्या वर्षी देवगडला संगणकाचा वर्ग निघाला, तेव्हा मिहीरचं नाव घातलं गेलं. गौरजाने आपलंही नाव घालायला सांगितलं. गुरुजी हसले.

"तुका दोन नंबरचो रिमोट धरूक येता, तितक्या पुरे."

हे ते चेष्टेत बोलले असतील. पण मिहीर त्या वाटेने पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला, आणि गौरजा जवळच्या कॉलेजात मिळेल ते शिकली. मग लग्न होऊन ती दोडामार्गला गेली. तिथे ती काजूचा छोटा कारखाना चालवते, पंधरा बायका हाताखाली आहेत. माझी मात्र रवानगी माळ्यावर झाली, सुपाऱ्यांच्या रिकाम्या पोत्यांशेजारी. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझ्या पिना हिरव्या पडल्या. एका पालीने माझ्या कॅसेटच्या खाचेत अंडी घातली. अठरा वर्षांत कोणी ढुंकून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी चवतीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गौरजा माहेरी आली होती. मिहीरही पुण्याहून आला आणि थेट माळ्यावर चढला. त्याने मला खाली आणलं, स्पिरिटच्या बोळ्याने माझ्या पिना पुसल्या, कॅसेटमध्ये फुंकर मारली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला नव्या रुंद टीव्हीला जोडलं. चित्र थोडं ताणलेलं दिसत होतं, पण मी चालू झालो! समोर त्याने मोबाइल उभा केला. मिहीर आता मोबाइलवर गेमांविषयी बोलतो आणि त्याला ऐकणारे शेकडो लोक आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"नमस्कार मंडळी," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "तुम्ही कित्येक महिने विचारताय, माझा आजवरचा सगळ्यात आवडता गेम कुठला? मी शेकडो गेम खेळलो. अख्खी शहरं उभी असलेले, सिनेमासारखे दिसणारे. पण निवड करायची झाली तर माझं उत्तर हे आहे." आणि त्याने मला उचलून मोबाइलसमोर धरलं.

खरं सांगतो, माझा राग त्या क्षणी विरघळला. शेकडो गेमांतून मी! मोबाइलवर लाल बदामांच्या रांगा वर चढत होत्या. मी इतका हुरळलो, की पुढचं खोटंही मी चालवून घेतलं असतं.

"चौदाव्या वर्षी मी हा एकट्याने जिंकला," मिहीर सांगू लागला. "बहीण शेजारी बसून टाळ्या वाजवत होती. त्या दिवसाने माझं आयुष्य ठरवलं."

स्वयंपाकघरातला खोबरं किसण्याचा आवाज थांबला. गौरजा हात पुसत बाहेर आली.

"खोटा बोलतस."

मिहीरने चेहरा हसरा ठेवला. दातांतून म्हणाला, "लाइव्ह चलला गो. गप रव."

"म्हणानच भायर इलंय. सगळ्यांका आयकूक येऊ दे." ती खाली बसली आणि तिने दोन नंबरचा रिमोट हातात घेतला. "चालू कर. बटण तुझ्याकडे आसा."

गुरुजी आता निवृत्त आहेत. ते खुर्चीत बसून हे बघत होते. "गणपती घरात आसा," ते म्हणाले. "भांडणा नको."

"भांडण नाय बाबा, खेळ आसा. तुमी बघा फक्त."

शेकडो लोक बघत होते, म्हणून मिहीरला नाही म्हणता आलं नाही. त्याने बत्ती सुरू केला.

आठव्या लेव्हलला त्याची गोळी लाल होडीला लागली. दहाव्या लेव्हलला दोनदा. मोबाइलवर कोणीतरी लिहिलं, 'दादा, ताईंनाच का मारताय?' बाराव्या लेव्हलला निळी होडी बुडाली, ती कायमची. मिहीर हसून म्हणाला की हात बसायला वेळ लागतो. पण लाल होडी पुढे जात राहिली. गौरजाला वीस वर्षांनीही काही नवीन शिकावं लागत नव्हतं. काजू सोलून तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती, पण बोट टेकवायची पद्धत तीच. पंचविसावी लेव्हल झाली, तिसावी झाली. बघणाऱ्यांचा आकडा दुप्पट झाला. किशोरीबाई दिवेलागणीची आरती आहे म्हणून सांगायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

छत्तिसाव्या लेव्हलला पडदा मध्येच थिजला. पुन्हा हलला. पुन्हा थिजला.

गौरजाने वर पाहिलं नाही. पण गुरुजींनी पाहिलं. त्यांची खुर्ची मिहीरच्या बाजूला होती आणि त्याचा अंगठा त्यांना स्पष्ट दिसत होता.

"मिहीर! हात काढ!" ते वर्गात ओरडावं तसे ओरडले.

उशीर झाला होता. एका काळ्या जहाजाचा गोळा बत्तीला लागला आणि खेळ संपला.

मिहीर सुटल्यासारखा हसला. "बघितलास? खंय जिंकली?"

गुरुजी उठून उभे राहिले. "त्या दिवशीय असोच दाबलंस?"

मिहीरने मोबाइल बंद केला. त्या घरातल्या सगळ्यांना उत्तर मिळालं.

"माका आधी सांगूक नाय?" गुरुजी गौरजाकडे वळून म्हणाले.

"सांगितलंय," ती म्हणाली. "तुमी पुरावो मागितलास."

गुरुजी पुन्हा खुर्चीत बसले. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "ह्यो गेम तू घेऊन जा. तुझ्या आवडीचो होतो."

"माका नको तो." तिने रिमोट खाली ठेवला. "सगळ्यात नावडतो आसा माका. आवडतो विचारशात तर माका आवड-निवड करूक दिलास कधी?"

ती आरतीला गेली. मला वाटलं होतं, गौरजा तरी माझी आहे. तिच्या बाजूने वीस वर्षं मी राग जपला. पण तिच्या लेखी मीही तिला खोटं पाडणाऱ्यांतलाच एक होतो. आणि तसा मी होतोच.

मिहीर विसर्जनाच्या आधीच पुण्याला निघून गेला. तो व्हिडिओ त्याने काढून टाकला. पुढच्या महिन्यात त्याने दुसराच गेम आपला सर्वांत आवडता म्हणून सांगितला, असं किशोरीबाई शेजारणीला सांगत होत्या. बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. यंदाच्या चवतीला कोण येणार आणि कोण येणार नाही, ह्याची किशोरीबाईंना आत्तापासून काळजी आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना सांभाळा, आमच्या पिना पुसा, हे मी सांगायला हवं आणि सांगतो. पण वस्तूला दुसरी वस्तू मिळते. घरातलं एखादं पोर रडत म्हणालं की हे मी केलंय, तर आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघा. ते न बघता निवाडा देणाऱ्यांचा मला राग येतो, मग ते कितीही चांगले शिक्षक असोत.

मला पुन्हा माळ्यावर टाकलं नाही. रोज सकाळी चहानंतर गुरुजी माझ्यासमोर बसतात. एक नंबरच्या रिमोटने खेळ सुरू करतात, तो बाजूला ठेवतात आणि दोन नंबरचा हातात घेतात. पहिल्या लेव्हलच्या पुढे जायला त्यांना अख्खा हिवाळा गेला. मला त्यांची दया येत नाही. अजून तरी नाही.

परवा ते पाचव्या लेव्हलवर सलग नऊ वेळा हरले. मग त्यांनी दोडामार्गला फोन लावला. गौरजा बाबांचा फोन बहुतेक वेळा उचलत नाही. परवा उचलला.

"गौरू, पाचव्या लेव्हलीर ती जहाजा खंयसून येतत गो? माका दिसतच नाय."

पलीकडून कारखान्यातल्या बायकांचा आवाज ऐकू येत होता. गुरुजी कानाला फोन लावून तसेच बसून राहिले.

"उजव्या बाजून," ती शेवटी म्हणाली. "दोन येकदम येतत. मधी रवू नकात."

आणि तिने फोन ठेवला.