भाऊबीजेचं तेल

जानेवारीतल्या त्या सकाळी आमच्या माझगावच्या चाळीत, गॅलरीच्या कठड्यावर खोबरेलाच्या सहा बाटल्या होत्या. पाच गोठून पांढऱ्याशुभ्र, एक पाण्यासारखी पातळ. पातळ ती आमची.

तेल दौलतमामाचं. नोकरी सोडून तो मालवणजवळ गावी गेला, घाणा घातला आणि पहिलं तेल भाऊबीजेला बहिणीला दिलं. आईने ते मजलाभर मिरवलं होतं.

शेजारच्या आग्नेस आंटींनी बाटली उचलून हलवली. “शेवंती, भावाने पामतेल दिला काय गो? थंडीत गोठत नाय, तो खोबरेल कसला?”

आई हसली नाही. आतून तिने फोन आणला. “दौलतान माका फसवल्यान. आता इचारतंयच.”

“आई, थांब जरा. बाटली कधी भरलीस?”

“काल. डब्यातला तापवून, कापडातून गाळून.”

म्हणजे आमच्या तेलात गोठलेला एक कणही उरला नव्हता. इतरांच्या बाटल्या वापरातल्या. दुपारी तेल पातळ झालं तरी तळाशी, काठाला पांढरं काहीतरी राहतं आणि पहाटे त्यालाच धरून बाकीचं गोठतं. असा पहिला कण नसेल, तर तेल गोठण्याच्या तापमानाखाली जाऊनही पातळ राहू शकतं. मी माझा प्रयोगशाळेतला थर्मामीटर बुडवला. २०.८ अंश. चांगलं खोबरेल तेवीस-चोवीसच्या आसपास गोठतं; पातळ तेलाची भेसळ असेल तर त्याहून खाली.

“आंटी, तुमचं नखभर गोठलेलं तेल द्या.”

“माझा घालून मग शुद्ध म्हणशील!” म्हणत त्यांनी दिलं.

मी बाटलीत टाकलेला कण तळाशी गेला. आईने तोवर फोन लावलाच होता.

“बोल गो बाय,” मामाचा आवाज आला. “तेल बरा हा मा?”

आई बाटलीवर वाकली. कणाभोवती पांढरे तंतू फुटत होते. “थांब रे. बघतंय.”

मामा वाट बघत नारळांबद्दल, घाण्याबद्दल बोलत राहिला. तंतूंचा ढग झाला, ढग वर सरकला. आग्नेस आंटींचं लक्ष मात्र आकड्यावर. “अगो, गोठतंय तर गरम कसा होतंय?”

“गोठताना तेल उष्णता सोडतं, आंटी. आकडा त्याच्या खऱ्या गोठण्याच्या अंशावर जाऊन थांबेल.”

आईने डोळे पुसले आणि फोनवर ओरडली, “दौलता, पुढच्या खेपेक दोन बाटल्यो धाड. एक आग्नेसाक. लय बोलता ती!”

आकडा चढत चढत २३.४ अंशांवर थांबला.