भावकीचा कारभार

वहिनींना भावकीत कुणी नावानं हाक मारत नसे. दिरांच्या त्या वहिनी, ते ठीकच. पण पुतणे, पुतण्यांच्या बायका, नात्यानं ज्यांनी आजी म्हणायला हवं ती पोरंटोरं, सगळ्यांच्याच त्या वहिनी.

कुळमंडळ काढलं होतं त्यांच्या यजमानांनी. ते जमीनमोजणी खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांवरून साखळी ओढली, आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले तेव्हा आपल्याच घराण्याची मोजणी काढली. कोण कुणाचा नातू, कोण दत्तक गेलं, कुणाची शाखा कुठं जाऊन रुजली, हे विचारत गावोगाव हिंडले. जेवणाच्या टेबलावर न मावणाऱ्या कागदावर वंशावळ आखली, वर्षातून एकदा सगळ्यांनी भेटायचं असं ठरवलं, आणि एके दुपारी पानावरून उठताना छातीवर हात ठेवून खाली बसले ते बसलेच.

भेटायला आलेल्या भावकीनं मग एकमुखानं ठरवलं, की मंडळ आता वहिनींनी सांभाळावं. "तेवढंच मन रमेल तुमचं," धाकटे दीर म्हणाले. वहिनींनी मान हलवली. त्या दिवसांत नाही म्हणण्याचं त्राण कुणात असतं?

तेव्हापासून मन रमतच होतं.

संमेलन जवळ आलं की फोन खणखणायला लागे. त्यात या वर्षी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दातांचे डॉक्टर असलेल्या पुतण्याला नावामागं 'डॉ.' ठळक अक्षरात हवं होतं. एका नणंदेला आपलं जन्मसाल काढून टाकायचं होतं. एक चुलत जाऊ तर रडकुंडीला येऊन म्हणाली, "त्यांच्या शाखेला दीड पान आणि आम्हाला चार ओळी? आम्ही काय सावत्र आहोत?"

"अगं, त्यांना सात मुलं झाली, तुम्हाला एक. त्याला मी काय करू?"

"तरीपण," जाऊ म्हणाली.

मागच्या आवृत्तीत त्यांच्या एका चुलत सासऱ्यांच्या नावामागं चुकून 'कै.' पडलं होतं. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "सूनबाई, दुरुस्तीची घाई करू नका. थोडं थांबलात तर छापलेलंच खरं होईल." पुढं ते खरोखरच गेले. बातमी कळल्यावर वहिनींच्या मनात पहिल्यांदा आलं, की चला, एक दुरुस्ती वाचली. आणि मग त्या विचाराची लाज वाटून त्या मोरीत जाऊन रडल्या. आपण माणसातून उठत चाललो आहोत, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

धाकटे दीर मंडळाचे अध्यक्ष होते. कोर्टात कारकून म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले, पण बोलणं असं तोलून-मापून की भावकी त्यांना जजसाहेब म्हणे, आणि तेही ओ देत. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, ते एक नाव काढायला हवं आता."

"कुठलं, भाऊजी?" वहिनींना माहीत होतं कुठलं ते.

"आमच्या घरातलं. कायद्यानं ती आता आपली कोण लागते?"

त्यांची सून. मुलापासून वेगळी होऊन तिला वर्ष झालं होतं. मुलगा दूरच्या शहरात बदली मागून निघून गेला; सून शाळेत जाणाऱ्या लेकीला घेऊन इथंच राहिली होती. फिजिओथेरपिस्ट होती ती. भावकीतल्या निम्म्याअधिक गुडघ्यांवरून तिचा हात फिरलेला. घटस्फोट झाला तरी ते गुडघे काही तिच्याकडं जायचे थांबले नव्हते. फक्त जजसाहेबांच्या कानावर जाऊ नये म्हणून चोरून जात होते.

"आणि नातीचं काय लिहू?" वहिनींनी विचारलं. "बापाचं नाव आहे आणि आईचं नाही. पोर काय कुंडीत उगवली?"

"ते तुम्ही बघा. चिटणीस तुम्ही आहात."

फोन ठेवल्यावर वहिनी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी उठल्या नाहीत. ओट्यावरून ओघळणाऱ्या दुधाकडं बघत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पुरे झालं."

संमेलन वाचनालयाच्या तळघरातल्या सभागृहात होतं. सतरंज्या, खुर्च्या, किंचाळणारा माइक, 'आमच्याकडं पंखा नाही' म्हणणारे आणि 'आमच्या डोक्यावरचा बंद करा' म्हणणारे, सगळं नेहमीसारखं. आत्याबाईंना कोण आणणार, हाही नेहमीचाच घोळ. सासऱ्यांची ही धाकटी बहीण भावकीत सगळ्यात म्हातारी. चाकांच्या खुर्चीतून तिला आणावं लागे. एकाची गाडी गॅरेजमध्ये होती, एकाच्या गाडीत खुर्ची मावत नव्हती, दातांच्या डॉक्टरची गाडी नवी होती. वहिनी दारात घाम पुसत उभ्या असताना समोरच्या उतारावरून आत्याबाईंची खुर्ची आली. ढकलत होती ती सून. बरोबर तिची लेक.

"आत्याबाईंनीच फोन केला, काकू," ती म्हणाली. "मी सोडून जाते. संध्याकाळी न्यायला येईन."

"जेवल्याशिवाय जायचं नाही," वहिनी म्हणाल्या. काकू हा शब्द सोयीचा. नातं तुटलं तरी चालतो, अनोळखी बाईलाही चालतो. म्हणून या दोघींत काही बदललं नव्हतं, किंवा बदललं असलं तरी कळून आलं नव्हतं.

ती मागच्या रांगेत आत्याबाईंजवळ बसली. तिच्या अवतीभवतीच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या झाल्या. कुणी भांडलं नाही; मान धरल्यावर ज्यांना तिच्या हातानं आराम पडला होता त्यांनीही माना वळवून घेतल्या.

जेवणानंतर सभा झाली. अहवाल वाचून संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "मला आता झेपत नाही."

टाळ्या पडल्या. दरवर्षी त्या हे म्हणत, आणि दरवर्षी टाळ्या पडत.

"टाळ्या नकोत," वहिनी म्हणाल्या. "मी थांबतेय. दुसरं कुणीतरी बघा."

आचाऱ्याची भांडी घासल्याचा आवाज आत ऐकू आला. मग हळूहळू कारणं निघू लागली. दातांच्या डॉक्टरला दवाखाना होता. चुलत जावेला सुनेचं बाळंतपण काढायचं होतं. ज्याला काहीच नव्हतं त्याला रक्तदाब होता. "वहिनी, तुमच्यासारखं कुणाला जमणार हो?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडून माना डोलावल्या. कौतुकाचा दोर फार मऊ असतो, पण गाठ घट्ट बसते. वहिनींनी खुर्चीची पाठ धरली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. "काका, मी करू का?"

सून उभी राहिली होती. बोलत होती जजसाहेबांशी. "सगळ्यांचे नंबर आहेत माझ्याकडं. तसेही सगळे फोन करतातच. संध्याकाळी मला वेळ असतो."

जजसाहेबांनी पाण्याचा घोट घेतला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "मंडळाच्या घटनेप्रमाणे," ते म्हणाले, "पदावर सभासदच असू शकतो. आणि सभासद म्हणजे घराण्यातली व्यक्ती."

"बरं," ती म्हणाली. फक्त एवढंच. खाली बसली आणि आत्याबाईंची घसरलेली शाल सारखी करत राहिली. तिची लेक आजोबांकडं बघत होती. आजोबा कागदांत बघत होते.

"तेव्हा वहिनी, या वर्षापुरतं तरी तुम्हीच—" त्यांनी सुरुवात केली.

वहिनींना खरं तर चिडायचं होतं. खूप काही बोलायचं होतं: की घराण्यातली व्यक्ती तर मीही नाही, मला तुमच्या भावानं लग्न करून आणलं, की तुमच्या घराण्यातल्या एकाही व्यक्तीला आत्याबाईंची खुर्ची ढकलवली नाही. पण चिडायलाही अंगात बळ लागतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग तुम्ही करा, भाऊजी." आणि कपाटाच्या किल्ल्या, शिक्का आणि छपाईची प्रत असलेली पिशवी त्यांच्यासमोर ठेवून पायऱ्या चढून वर रस्त्यावर आल्या. मागं त्यांना कुणी हाक मारली, पण ती 'वहिनी' अशी होती, म्हणून त्यांनी ओ दिली नाही.

घरचा फोन गप्प झाला. पहिले काही दिवस वहिनी नुसत्या झोपल्या. मग झोपही पुरली. जेवणाच्या टेबलावरचे कागद गेल्यामुळं टेबल मोठं दिसू लागलं, आणि समोरची खुर्ची रिकामी आहे हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धडपणे दिसलं. काम गेलं की थकवा जाईल असं त्यांनी धरलं होतं. थकवा गेला नाही. तो कामाखाली दबून बसला होता, इतकंच. आता तो मोकळा होऊन घरभर फिरू लागला. वहिनी त्याच्याशी भांडल्या नाहीत. एका दुपारी यजमानांचे सदरे कपाटातून काढले, मांडीवर घेऊन बसल्या, आणि द्यायचे ते देऊन टाकले.

मग एके दिवशी दारात जजसाहेब. मान एका बाजूला कलती, हातात तीच पिशवी. जिना चढून धाप लागलेली.

"वहिनी, माझ्यानं होत नाही हे," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. "लोक वेडे आहेत. काल एकानं सकाळी सकाळी फोन करून विचारलं, माझी शाखा डाव्या बाजूला का? उजवीकडं घ्या. खाली मान घालून तपासत बसतो, तर ही मान धरली. वळतच नाही."

वहिनींनी चहा ठेवला. "मी घेणार नाही ती परत," चहा देताना त्या म्हणाल्या. "आधीच सांगते."

"माहीत आहे." त्यांनी बशीत चहा ओतला आणि तसाच धरून ठेवला. "ते घटनेचं मी म्हणालो ना, त्या दिवशी. तसं काही कलम नाही. आपल्या घटनेत दोनच पानं आहेत, दादानं लिहिलेली. त्यात सभासद कोण हे लिहिलेलंच नाही."

"मग?"

"ती मला काका म्हणाली." जजसाहेबांनी बशी खाली ठेवली. "लग्न होऊन आली तेव्हापासून बाबा म्हणायची. माझं ऑपरेशन झालं तेव्हा पोटच्या पोरानं केलं नाही ते तिनं केलं. आणि चारचौघांत काका. जसा मी रस्त्यावरचा कुणी. माझ्या कानात शिसं ओतल्यासारखं झालं. मग तोंडातून जे निघालं ते निघालं."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिनं काय म्हणायचं होतं? तुम्ही तिचं नाव खोडायला निघालात, आणि तिनं तुम्हाला बाबा म्हणायचं?"

चहावर साय धरली.

"करा फोन," वहिनी म्हणाल्या. "माझ्यासमोर करा, नाहीतर घरी जाऊन विचार बदलाल."

त्यांनी फोन लावला. मान वळत नसल्यामुळं तो कानाशी धरता येईना, म्हणून टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलले. पलीकडून नुसतंच "बोला" असं आलं. ना बाबा, ना काका.

"ते कुळमंडळाचं काम," जजसाहेब म्हणाले, आणि अडखळले. कोर्टात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला पुढचं वाक्य सापडेना. "म्हणजे, मी त्या दिवशी बोललो ते काही बरोबर नव्हतं. तू करशील का? आणि माझी मान धरलीये."

वहिनींना वाटलं, फोन बंद झाला.

"कुठल्या बाजूची?" ती म्हणाली.

"डावी."

"हात वर जातो का? मुंग्या येतात बोटांना?"

"हात जातो. मुंग्या नाहीत."

"गरम पाण्याची पिशवी ठेवा आणि उशी न घेता झोपा. उद्या सकाळी क्लिनिकवर या. पिशवी घेऊन या, मंडळाची. आणि एक सांगते, नाव छापायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मला त्यातलं काही नको. पण लेकीच्या वर माझी जागा कोरी ठेवू नका. शाळेत तिला कुणी विचारलं तर तिनं काय सांगायचं?"

"नाही ठेवणार," जजसाहेब म्हणाले. फोन बंद झाला तरी ते टेबलाकडं बघत बसले होते. वहिनींनी थंड चहा ओतून दुसरा आणून दिला.

कुलवृत्तांत उशिरा छापून आला, पण आला. नातीच्या नावाच्या वर आई आहे, बाप आहे. त्या दोघांमध्ये रेघ कशी काढायची यावर छापखान्यात बरीच चर्चा झाली म्हणे, शेवटी दोघांपासून दोन वेगळ्या रेघा नातीपर्यंत आणल्या. कारभार सून बघते. अध्यक्ष अजून जजसाहेबच आहेत. ती त्यांना काकाच म्हणते. भावकीतले काही जण नाक मुरडतात, आणि मुरडून झालं की तिलाच फोन करतात.

यंदा वहिनी संमेलनाला पाहुण्यासारख्या गेल्या. कुणीतरी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. भावकीत नव्यानंच लग्न होऊन आलेली एक मुलगी शेजारी येऊन बसली आणि सरळपणानं विचारती झाली, "तुम्ही कोण? म्हणजे, तुमचं नाव काय?"

वहिनींनी नाव सांगितलं. बऱ्याच दिवसांत ते स्वतःच्या तोंडून ऐकलं नव्हतं, म्हणून जरा हळूच सांगितलं. मुलीला ऐकू आलं नाही, तेव्हा त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.