पसाभर कनकी

कडी वाजली.

दुपारच्या सामसूम घरात तेवढाच आवाज झाला, पण अंजूच्या हातातलं सूप हललं आणि वेगळी काढलेली कनकी, तांदळाचा तुकडा, पुन्हा तांदळात मिसळली. ती धावत पुढच्या दाराशी गेली. श्रुतिका टाचा उंचावून कडी काढत होती. गेल्या दिवाळीपर्यंत तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

"एकटीनं बाहेर जायचं नाही, सांगितलं होतं ना?"

"तो रडून राह्यला, मम्मी. त्याले नाव नाही ना, म्हनून."

छपरीतल्या खांबाला पिल्लू बांधलं होतं. साखळी त्याच्याहून जड होती. आधी ती शेरूची होती, मग टायगरची.

लामता गावातलं हे शेवटचं घर. घराला लागून भाजीपाल्याची बाडी, बाडीच्या कुंपणापलीकडे बांध, आणि बांध ओलांडला की जंगल. दोन हिवाळ्यांत दोन कुत्री बिबटाने ह्याच छपरीतून नेली होती. दोन्ही वेळा सकाळी साखळी तेवढी जागेवर पडलेली. यंदा त्याने शेजारच्या टिकारामची शेळी दिवेलागणीलाच उचलली. तेव्हापासून अंजूने नवऱ्यामागे लकडा लावला होता, कुत्रं आणा, कुत्रं आणा. रजत विजेच्या लाइनवर कामाला. काल किरनापूरहून येताना त्याने पिशवीतून हे पिल्लू आणलं.

कुत्रं असलं की भुंकतं, माणूस सावध होतो, असं अंजू सगळ्यांना सांगत होती. खरं कारण तिने रजतलाही सांगितलं नव्हतं. ज्याला छपरीतच शिकार मिळते, तो दारापर्यंत येत नाही. हे वाक्य ती मनातसुद्धा पुरतं म्हणायची नाही. मध्येच उठून कुठल्यातरी कामाला लागायची. म्हणून पिल्लाला नाव नको होतं. नाव ठेवलं की ते घरातलं होतं.

पण श्रुतिका सकाळपासून हटून बसली होती. ब्रूनो ठेवू, नाहीतर चॉकलेट. शिवाय पाळण्यात घालून, कानात कुर्र करून, रीतसर बारसं करायचं.

"अन् वाघाचं नाव कुत्र्याले ठेवू नोका आता," आतून विमलाबाई म्हणाल्या. "टायगर म्हने. मंग तो आला भेटाले."

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. नाव असं हवं की कोणाला न्यावंसं वाटू नये. रजतच्या आधीची त्यांची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. म्हणून रजत झाला तेव्हा त्यांनी त्याला उकिरड्यावर टाकलं, शेजारणीने उचललं आणि पसाभर कनकी घेऊन परत विकलं. उकिरड्यावरचा म्हणून नाव पडलं उकंड्या. शाळेत घालताना रजत झाला, पण खैरलांजीच्या आत्या अजून त्याला त्याच नावाने हाक मारतात.

"जगला का नाही?" विमलाबाई श्रुतिकाला म्हणाल्या. "आता तं पोटही सुटलं तुह्या बापाचं."

श्रुतिकाला ब्रूनोपेक्षा हा खेळ आवडला. तिघी बाडीत गेल्या. अंजूने नाइलाजाने ओच्यात कनकी घेतली होती. विमलाबाईंनी जुन्या फडक्यात गुंडाळलेलं पिल्लू उकिरड्याच्या कडेला ठेवलं, आणि तेव्हाच अंजूला ते दिसलं. कालच्या ओल्या राखेत पाऊल उमटलं होतं. तिच्या तळहाताएवढं, गोल, नखांच्या खुणा नसलेलं. कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

तिने त्यावर पाय ठेवला आणि टाच फिरवली. मान वर केली, तर सासूबाई तिच्या पायाकडेच बघत होत्या.

विमलाबाईंनी घाईने पिल्लू पदरात उचललं. आता त्या शेजारीण झाल्या होत्या. "उकिरड्यावर लेकरू सापडलं वो बाई. कोनाचं हाय?"

अंजूने त्यांच्या पदराच्या टोकात कनकी ओतली आणि पिल्लासाठी हात पुढे केले.

"असं नाही. सांग आधी. कोनाचं हाय?"

"मम्मी, बोल ना. माह्यं म्हन," श्रुतिकाने तिला कोपराने ढोसलं.

"माझं," अंजू म्हणाली.

"आयकू नाही आलं."

"माझं लेकरू आहे."

पिल्लू तिच्या ओंजळीत आलं. त्याचं काळीज बोटांना लागत होतं, भराभर, जसं दवाखान्यात पहिल्यांदा हातात घेतलेल्या श्रुतिकाचं लागलं होतं. श्रुतिकाने त्याच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. उकंड्याने तिचं नाक चाटलं.

संध्याकाळी रजतचा फोन आला, कुठेतरी तार तुटली होती, यायला उशीर होणार होता. तिघींनी उजेड असतानाच दारं लावली. ठरल्याप्रमाणे पिल्लू छपरीत. अंजू पोळ्या लाटू लागली. बाहेर साखळी फरशीवर घासत होती, मधूनच बारीक कुंई ऐकू येत होती. मग साखळी थांबली. कुंईही थांबली.

विमलाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

अंजू हातात लाटणं तसंच घेऊन दाराशी गेली. कडीला हात लावला.

"अंजू," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

तिने दार उघडलं. पिल्लू खांबाला चिकटून बसलं होतं, कान टवकारलेले, तोंड बाडीकडे. भुंकत नव्हतं. नुसतं थरथरत होतं. साखळीचा आकडा पिठाच्या बोटांतून निसटत राहिला. ती बाडीकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर हात चालले नसते. आकडा सुटला तशी ती पिल्लाला छातीशी धरून आत आली, कडी घातली, धान्याचं पोतं ओढून दाराला लावलं. मग खाली बसली.

आता छपरीत काहीच नव्हतं.

विमलाबाई उठल्या. त्यांनी चुलीजवळ गोणपाट अंथरलं. श्रुतिका उकंड्याला मांडीवर घेऊन त्यावर बसली.

"मम्मी, आता याले कोनी नेनार नाही ना?"

"नाही."

"नाव घान हाय म्हनून?"

"हौ," अंजू म्हणाली.

बाहेर रिकामी साखळी एकदा वाजली. वारा असावा. श्रुतिका उकंड्याचा कान खाजवू लागली. मग तिने मान वर केली.

"मंग माह्यं नाव काहून चांगलं ठेवलं?"