गाळलेली वाक्यं

प्रशांत सरांनी त्या वाक्यांवर आधी पेन्सिलीने रेघ मारली, परिच्छेद पुन्हा वाचला, आणि मग पेनाने मारली.

टेबलाच्या अलीकडे मेघना उभी होती. कॉलेजच्या ‘आवार’ या चार पानी मासिक पत्राची ती यंदाची विद्यार्थी संपादक. सर त्याचे प्रभारी. त्यांच्या सहीशिवाय पान छापायला जात नसे. लेख धनेशवर होता. तिच्याच वर्गातला धनेश पंधरवड्यापूर्वी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडून गेला होता. नव्या सभागृहाचे एसी दोरखंडाने वर चढवण्यासाठी तिथला कठडा कापला होता, आणि काम संपल्यावरही त्या जागी नुसती सुतळी बांधलेली होती. मुलांनी ऑफिसात जाऊन सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं होतं. खोडलेली वाक्यं नेमकी हीच होती.

“चौकशी चालू आहे, मेघना. आपण निकाल द्यायचा नसतो.”

“निकाल कुठे दिलाय, सर? सुतळी होती, एवढंच लिहिलंय.”

सर हळू आवाजात म्हणाले की संस्थेतून फोन आला होता. ही वाक्यं राहिली तर लेखच जाणार, कदाचित पत्रही बंद होणार, आणि मग त्या पोराबद्दल कुठे एक ओळ उरणार नाही. त्या दिवशी रिक्षातून दवाखान्यात नेताना धनेशचं डोकं सरांच्या मांडीवर होतं. मेघनाने ते पाहिलं होतं, म्हणूनच तिला त्यांच्याशी भांडता येईना.

वाक्यं गेली तशी मध्ये पोकळी पडली. एका परिच्छेदात धनेश गॅलरीत उभा होता, पुढच्या परिच्छेदात नव्हता.

“इथे काहीतरी हवं,” सर म्हणाले. “कसा पडला, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.”

पडला तेव्हा त्याच्या कानाला फोन होता, असं कोणीतरी म्हणालेलं तिला आठवलं. ते खोटं नव्हतं. तिने उभ्या उभ्याच लिहिलं: ‘फोनवर बोलता बोलता त्याचा तोल गेला.’ सरांनी वाचलं, संयत आहे म्हणाले आणि सही केली.

अंक निघाला. धनेशचा फोटो स्वच्छ आला होता. स्टाफरूममधून दोघीतिघींनी कौतुकाचे निरोप पाठवले. मेघनाने घरी अंक नेला नाही.

पुढच्या आठवड्यात धनेशची आई, जयाकाकू, त्याचे दाखले न्यायला दिव्याहून लोकलने आल्या. ऑफिसातलं काम झाल्यावर त्यांनी लेख कोणी लिहिला ते विचारलं, आणि शिपायाने त्यांना ‘आवार’च्या खोलीत आणून सोडलं. वर्गातल्या कोणीतरी घरी पोचवलेला अंक त्यांच्या पिशवीत होता.

“चांगलं लिहिलंस गं,” त्या म्हणाल्या. “तो हसायचा कसा, ते पण लिहिलंस.” मग जरा थांबून म्हणाल्या, “ती जागा दाखवशील? मला कोणी वर नेलंच नाही.”

तिसऱ्या मजल्यावर नवाकोरा स्टीलचा कठडा होता. वरचं प्लास्टिक अजून पुरतं निघालेलं नव्हतं. जयाकाकूंनी दोन्ही हातांनी तो हलवून पाहिला. तो हलला नाही.

“मीच फोन केलेला त्याला,” त्या कठड्याकडे बघत म्हणाल्या. “आमच्याकडे पाणी नव्हतं आलं. म्हटलं, येताना जार घेऊन ये. हो म्हणाला, आणि मग आवाजच नाही.”

मेघनाने कठड्यावर हात टेकवला.

“इथले लोक म्हणालेले, पाय घसरला. फोनचं मी कुणाला बोललेच नव्हते. तुझं वाचून ह्यांनी विचारलं, कोणाशी बोलत होता. तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी.” त्यांनी पुन्हा गज धरला. “पण एवढ्या भक्कम कठड्यावरून तो कसा गेला गं?”

मेघनाची नखं प्लास्टिकचा एक सुटलेला तुकडा सोलत होती. तिने हात मागे घेतला.

“काकू, हा तेव्हा नव्हता.”

मग तिने सगळं सांगितलं. कापलेला कठडा, सुतळी, ऑफिसातल्या फेऱ्या. आपण ते लिहिलं होतं, ते काढलं गेलं, आणि रिकाम्या जागेत फोनचं वाक्य आपणच घातलं, हेही सांगितलं. काकू रडल्या नाहीत, तिच्यावर चिडल्याही नाहीत. कठड्यावरून वाकून त्यांनी खालची फरशी पाहिली.

“हे ह्यांना तू सांग,” शेवटी त्या म्हणाल्या. “माझ्या तोंडून खरं नाही वाटायचं त्यांना. घरीच असतात आता.”

मेघनाने त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली. जिना उतरताना खालून प्रशांत सर येत होते. काकूंना पाहून ते जागीच थांबले, त्यांनी हात जोडले. मग मेघनाकडे वळले.

“तुझं लेक्चर आहे ना आता? कुठे निघालीस?”

“दिव्याला, सर.”

सरांनी दोघींकडे पाहिलं. मग ते भिंतीला लागून उभे राहिले आणि त्यांनी वाट दिली.