दार लाव गं, बाळ

सणाच्या संध्याकाळी आमची गल्ली एकच गाणं गाते.

उजेड आला गं पाहुणा, त्याला बसाया द्या जागा
बाही त्याची उसवली, आणा सुई, आणा धागा

दुसऱ्या कडव्यानंतर सगळे तीनदा खोकतात, "दार लाव गं, बाळ," म्हणतात आणि तिसरं कडवं उचलतात. खोकलाही सुरात. बेकरीवाल्याचा खर्जातला, म्हणून पहिला मान त्याचा. दार म्हणजे मनाचं दार, बाळ म्हणजे आत्मा, असं शाळेतले गुरुजी शिकवतात. खोकल्याचा अर्थ पुढच्या इयत्तेत.

खरं काय ते आमच्या आत्याला ठाऊक. गाणं तिच्या वडिलांनी, आमच्या शिंपी आजोबांनी रचलं. दुकानात ते पहिल्यांदा गात होते, तेव्हा चिमुरडी आत्या दार सताड उघडं टाकून आत आली. वारा शिरला, आजोबांना ढास लागली. शेजाऱ्यांनी ऐकलं तेवढं सगळं पाठ केलं. पुढच्या सणाला आजोबा नव्हते.

यंदा नव्या गायनमास्तरांनी गाण्यातून खोकला काढून टाकला.

"मास्तर, नका हो," आत्या म्हणाली. "कडवी काय, बाबांनी रचलेली. पण बाबा स्वतः उरलेत ते तेवढ्या खोकल्यातच."

"आत्याबाई, बाहेरचे पाहुणे येणार. आपण गायक आहोत की दवाखान्याची रांग?"

सणाच्या संध्याकाळी आत्या बेकरीवरच्या सभागृहात दाराशी जाऊन बसली.

उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते दार उघडंच होतं. दुसरं कडवं संपलं. मास्तरांनी हात उचलला. तिसरं कडवं कोणाच्या घशातून निघेना. तोंडं उघडी ती उघडीच. एका पाहुणीने टाळ्या वाजवून पाहिल्या, मग ओशाळून हात पदराखाली घेतले. खाली बेकरीत पाव करपल्याचा वास सुटला, बेकरीवाला बायकोला डोळ्यांनीच "अगं, भट्टी!" म्हणत राहिला. तीही गाण्यातच अडकलेली.

तेवढ्यात दारातून वारा आला आणि मास्तरांनाच ढास लागली. एकदा, दोनदा, तीनदा.

"दार लाव गं, बाळ!" अख्खी गल्ली एका दमात म्हणाली.

आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठली. "आले, बाबा," म्हणाली आणि तिने दार लावलं, हळूच, झोपलेल्याला जाग येऊ नये तसं.

तिसरं कडवं सुटलं.

आता गल्ली खोकते, दार लावायला सांगते आणि मग सगळे मिळून "आले, बाबा" म्हणतात. मास्तर सूर देतात. गुरुजी अर्थ शोधताहेत.